मंजुरीचा कागद

मुलांनो, देणगीदार संस्थांना प्रकल्पांचे प्रस्ताव पाठवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण स्वतःच्याच प्रस्तावाचा आपल्या शेजारच्या गुरुजींइतका वैरी दुसरा सापडायचा नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते खताच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल घेऊन माझ्याकडे इंग्रजी तपासायला येतात. अर्जात 'संभाव्य धोके' असा रकाना असतो. शहाणे लोक तिथे दोन ओळी लिहितात. यांनी तीन पानं भरली आणि शेवटचा धोका म्हणून स्वतःचा रक्तदाब घातला. 'निधी संपल्यावर प्रकल्प कसा चालेल?' या प्रश्नाचं उत्तर होतं, 'चालणार नाही.' मी म्हटलं, "अहो, असं लिहिल्यावर कोण पैसे देईल?" तर म्हणाले, "वहिनी, तुमी इंग्रजी बघा. खरंखोटं मी बघतो." संस्थेने हसऱ्या मुलांचा फोटो मागितला, तेव्हा यांनी कपाळाला आठ्या घातलेली मुलं पाठवली. "भर उन्हात कोण हसायलंय?"

प्रकल्प होता वालूरजवळच्या वसतिगृहाचा. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांनी सहा महिने इथेच राहून शाळा करायची. अर्ज वर्षभर फिरला. कधी तक्ता बदला, कधी उद्दिष्टं मोजता येतील अशी लिहा. टोळ्या निघायची वेळ आली तेव्हा चंद्रकला नावाच्या सातवीतल्या मुलीला घेऊन तिची आई गुरुजींच्या ओट्यावर आली. मी तिथेच होते.

"गुर्जी, पोरीला ठिवून जाऊ का? लय हुशार हाय, तुमीच म्हन्ता."

गुरुजींनी हातातली फाइल मिटली. "मंजुरीचा कागद आला न्हाई, बाई. खोटं कसं कबूल करू? घेऊन जा."

कागद नवव्या दिवशी आला. पत्रात धोक्यांच्या प्रामाणिक मांडणीचं खास कौतुक केलं होतं. गुरुजी एसट्या बदलत कारखान्यापर्यंत गेले, पण टोळी उसाच्या दुसऱ्या फडावर हलली होती. पावसाच्या तोंडावर कुटुंब परतलं, चंद्रकला परतली नाही. दिवसभर कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, पोर एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचं लग्न तिकडेच उरकून टाकलं होतं.

वसतिगृह आता दरवर्षी भरतं. परवा गुरुजी वार्षिक अहवाल घेऊन आले. त्यात यशोगाथेची एक चौकट असते. प्रकल्पामुळे पुढे गेलेल्या एका मुलाची गोष्ट तिथे लिहायची. गुरुजींनी चंद्रकलाची लिहिली होती, ओट्यावरच्या आपल्या उत्तरासकट.

मी हळूच म्हटलं, "गुरुजी, ही यशोगाथा नाही हो."

"न्हाईच. पण त्यांच्या कागदात तिचं नाव लिवायला दुसरी जागा न्हाई, वहिनी."

मी एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं. बाकी सगळं होतं तसंच ठेवलं आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठले.