मंजुळाताईचा स्वेटर

म्हात्रे सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कशेळीला ट्रकांच्या रांगेत अडकले होते. त्यांचा भाचा सांगत होता, "मॅडम, मावशी पहाटेच गेली. झोपेतच." मी खारबावला त्यांच्या घरी पोहोचले तोवर त्यांना नेलंही होतं. अंगणात धुतलेली जागा तेवढी ओली होती. महिना उलटून गेला, तरी मी अजून त्या ट्रकांवर चिडते. ट्रकांचा काय दोष म्हणा... पण कुणावर तरी चिडायला हवंच ना.

भिवंडीतल्या आमच्या छोट्या नर्सिंग स्कूलमध्ये मी रुजू झाले, तेव्हा प्रसूतिशास्त्र शिकवायला सिस्टर आधीपासून होत्या. मुली सोडाच, आम्ही शिक्षिकाही त्यांना सिस्टरच म्हणायचो. डेमो रूम त्यांचं राज्य. तिथल्या खाटेवर पोटुशी बाई निजलेली असायची, रबराची. तिचं नाव सिस्टरांनी मंजुळाताई ठेवलं होतं, आणि नाव न घेता तिच्याकडे बोट दाखवलेलं त्यांना खपत नसे. खिडकीच्या पलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना, दिवसभर खडखडाट. मी पहिल्याच आठवड्यात बोलण्याच्या नादात मंजुळाताईच्या पोटावर हात ठेवला, तर सिस्टरांनी सगळ्या वर्गासमोर मला थांबवलं. "मॅडम, ती बाई हाय, फळा न्हाय. आधी विचारा."

त्यांची पद्धत ठरलेली होती. तळहात चोळून गरम करायचे, "ताई, हात लावू का?" असं विचारायचं, आणि मग वाकून कान थेट तिच्या तोंडाशी न्यायचा. लूमच्या आवाजात उत्तर ऐकू येणार कसं? रबराची बाई काय उत्तर देणार, असं मी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तिला न्हाय, तुमच्या मानेला सवय लावायचीय." मी मनातून त्यांना हट्टी म्हातारी ठरवून टाकलं. पुढे कळलं, की मुली मात्र ती सवय सोबत घेऊन जात होत्या. कुणी मस्कतला, कुणी लंडनला. मी कधी कुरकुरले, की आपण घडवायच्या आणि जगाने न्यायच्या, तर सिस्टर म्हणायच्या, "बाळं तिकडंही व्हतात की."

अकलोलीची रेश्मा त्यातलीच. वडील शेतमजूर, स्वतः अबोल. ती आयर्लंडला गेली, तिथल्या प्रसूतिकक्षाची प्रमुख झाली, आणि मग देशोदेशींच्या सुईणींसाठी नियम ठरवणाऱ्या समितीवर गेली. एकदा तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी सिस्टरांच्या शेजारीच बसले होते. ती सांगत होती, "सिस्टर, इथे लूम नाहीत, टाचणी पडली तरी ऐकू येते. तरी माझा कान खाली जातोच. आधी सगळे हसायचे. पण मी वाकले की बायका हळूच काहीतरी सांगतात... नवऱ्याला, डॉक्टरला न सांगितलेलं. आता माझ्याकडच्या सगळ्या सिस्टर वाकतात."

"मग वाकू दे की," सिस्टर म्हणाल्या. "बाया इथं काय नि तिथं काय, मोठ्यानं थोडंच सांगतात."

रेश्माने त्यांना परदेशात भरणाऱ्या सुईणींच्या जागतिक परिषदेला बोलावलं. हे वाकणं सगळ्या देशांतल्या प्रशिक्षणात यावं असं तिला वाटत होतं, आणि ते तिथे सिस्टरांनीच करून दाखवावं असा तिचा हट्ट होता. मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. पासपोर्ट झाला. भिवंडीच्या बाजारातून एक जाडजूड जांभळा स्वेटर आणला. घरी कसर लागेल म्हणून सिस्टरांनी तो मंजुळाताईच्या अंगावर चढवला. "तवर तिला ऊब. मला तिथली एक बाई बघायचीय, मॅडम. तिला विचारलं की ती काय म्हणते, ते कानानं ऐकायचंय." एवढंच त्यांना हवं होतं. पण परिषदेच्या आधीच त्या गेल्या. त्या व्यासपीठावर त्यांना बघायचं मी किती दिवस मनात धरलं होतं, ते आता कुणाला सांगू?

परिषदेत ते वाकणं रेश्माने करून दाखवलं. आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. वेगवेगळ्या देशांच्या बायका एकमेकींच्या तोंडाशी कान नेत होत्या, आणि त्या सभागृहात कुठेही लूम नव्हते.

मागच्या आठवड्यात रेश्मा आली. मुलींनी ठरवलं होतं, की सिस्टरांची आठवण म्हणून स्वेटर तिलाच द्यायचा. डेमो रूममध्ये आम्ही सगळ्या उभ्या होतो, पलीकडे खडखडाट चालू होता. रेश्माने तळहात चोळले. "ताई, स्वेटर काढू का?" असं विचारून ती वाकली आणि कान मंजुळाताईच्या तोंडाशी नेला. बराच वेळ ती तशीच राहिली. आम्हीही थांबलो. मग ती उठली, डोळे पुसले आणि स्वेटरचं गळ्याजवळचं सुटलेलं बटण लावलं.

"नको म्हणाल्या," ती म्हणाली.

स्वेटर अजून तिथेच आहे. पोट तपासायला शिकवताना तो वर करावा लागतो. त्याआधी मी विचारते, वाकते, आणि लूम बंद असले तरी जरा जास्तच वेळ कान तिथे ठेवते.