सावल्या शिवणारी मुलगी

त्या कादंबरीच्या तिसऱ्या भागासाठी मी तीन वर्षं थांबले, आणि तो आला तेव्हा असा संताप झाला की उचलून विहिरीत टाकावा. पण त्या संतापात मी जे करून बसले, त्याबद्दल मला अजून स्वतःचाच राग येतो.

माझं माहेर पुलगावचं, सासर सिंदीचं, कापडाच्या दुकानाचं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष सासूबाईंशी बोलणं म्हणजे मीठ-मिरचीपुरतं. मग एका दुपारी त्या अंगणात वाती वळत होत्या आणि मी शेजारी इंग्रजी कादंबरी वाचत होते. "काय लिवलं हाय त्यात येवढं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एका राजपुत्राची सावली हरवली आहे आणि डोंगराखालची एक मुलगी लोकांच्या फाटक्या सावल्या शिवून देते. दोघांचं एकमेकांवर प्रेम, पण तिनं त्याची सावली शिवली की तो तिला विसरणार. सासूबाईंचे हात थांबले. "मंग?"

तेव्हापासून दुपार आमची झाली. पुरुषमंडळी दुकानात, अंगणात कलतं ऊन, कापसाचे तंतू हवेत तरंगताहेत, आणि मांडीवर पुस्तक घेऊन मी सांगतेय. सांगता सांगता ते राज्य हळूहळू आमच्याकडे सरकलं. सासूबाई बोर धरणाजवळच्या हिंगणीच्या, म्हणून गोष्टीतलं तळं त्या धरणाइतकं मोठं झालं, रानात सागाची पानं वाजू लागली, मोहाचा वास सुटला. धुक्यात ती मुलगी पाण्याकाठी शिवत बसायची आणि सावल्या गुरांसारख्या तिच्याभोवती येऊन बसायच्या. दोन भाग संपले तरी आमचं काही संपेना. "हे मागं सांगायचं राहिलं होतं," अशी थाप मारून मी रोज नवीन रचून सांगायचे. खोटं कशाला बोलू, म्हातारीला काय कळतंय असंच मला वाटायचं.

एकदा त्या सहज म्हणाल्या, "हिंगणीले मी बी पोलकी शिवत होती." लग्नात मशीन सोबत आणली होती. कापडवाल्यांच्या सुनेनं लोकांची मापं घेत बसायचं नाही, म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी ती विकायला लावली. त्या मुलीवर त्यांचा एवढा जीव का, ते मला त्या दिवशी कळलं.

तिसरा भाग कुरिअरनं आला. सासूबाईंनी कापूस आधीच पिंजून ठेवला होता. "आधी तू वाच, मंग मले सांग," म्हणाल्या. मी दोन दिवसांत वाचून काढला आणि माझं डोकंच फिरलं. नुसत्या लढाया! सावली कुठल्याशा जादूगारानं आयती आणून दिली, विसरणं-बिसरणं काही नाही. आणि ती मुलगी? ती राणी झाली, दागिन्यांनी मढली आणि सुई तळ्यात टाकून मोकळी झाली. राणीला कशाला लागते म्हणे सुई!

मी आधीच भडक डोक्याची. तशीच अंगणात गेले आणि पानं दाखवून दाखवून सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. "घ्या आई, याच्यासाठी आपण तीन वर्षं वाट पाहिली! मुडदा बशिवला त्या लेखिकेचा."

मला वाटलं, त्याही माझ्यासोबत चार शिव्या घालतील. त्यांनी फक्त विचारलं, "सुई फेकली?"

"हो ना."

"सोताच्या हातानं?"

"हो."

ऊन भिंतीवर चढलं होतं. मग त्यांनी मांडीवरचा कापूस गोळा करून टोपलीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, इतके दिवस तू पान न उलटता घंटा-घंटा सांगत होती. कुठं लिवलं हाय, असं मी कधी इचारलं काय तुले? मंग आजच काऊन पुस्तकातलं सांगितलं?"