भट्टीत भुसा, कागदावर कोळसा

खोटं बोलण्याच्या बाबतीत माझ्या साडभाऊंइतका अडाणी माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि नको तिथे अक्कल पाजळण्याच्या बाबतीत माझ्याइतका विद्वानही. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढाच काय तो आमचा संबंध. मी गोंदियाच्या कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यातही आंतरराष्ट्रीय व्यापार हा माझा खास विषय. या तीस वर्षांत मी स्वतः देशाबाहेर एक टाचणीसुद्धा पाठवली नाही. साडभाऊ दहावीला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा तिथेच बसून राहिले. पण कामठ्याच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा छोटा कारखाना आहे, आणि तिथले पुलांना लागणारे मनगटाएवढे जाड बोल्ट नागपूरच्या एका व्यापाऱ्यामार्फत थेट युरोपात जातात. तरीही लग्नाकार्यात ते माझी ओळख "हे आमचे सर, इंटरनॅशनलचे प्रोफेसर" अशी करून देतात आणि स्वतःबद्दल कोणी विचारलंच तर "आपलं काय जी, ठोकठाक," म्हणून पत्रावळीकडे वळतात. मी आजवर एकदाही ही ओळख दुरुस्त केलेली नाही.

त्यांच्या खरेपणाचा त्रास सगळ्यात जास्त त्यांच्या घरच्यांनाच झाला. एकदा जुनी स्कूटर विकायला काढली. तिरोड्याचा एक माणूस पसंत करून, पैसे घेऊन आला. साडभाऊंनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि गाडीचे दोष सांगायला घेतले. ब्रेक उतारावर लागत नाही, पावसाळ्यात ती दुपारी बारानंतरच चालू होते, सीटची स्प्रिंग वर आली असून घरच्या बाईचं एक लुगडं त्यात गेलं आहे, हे सगळं सांगून झाल्यावर, "बाकी गाडी बढिया हाये," असा समारोप केला. तो माणूस चहा पिऊन परत गेला. ती स्कूटर अजून परसात आहे आणि तिच्या पायठेवणीत कोंबड्या अंडी घालतात. पुतण्याच्या सोयरिकीतही तेच. मुलीकडच्यांनी रीत म्हणून विचारलं की मुलाला काही व्यसन वगैरे, तर घरचे सगळे "छे छे" म्हणण्यासाठी तोंड उघडत होते तेवढ्यात यांनी, "खर्रा खाते जी, पण सोडून राहिला," म्हणजे सोडतो आहे, असं सांगून टाकलं. मुलीचा बाप शहाणा. जे लोक खर्र्याची तंबाखूसुद्धा लपवत नाहीत ते दुसरं काय लपवणार, असं म्हणून त्याने पोरगी दिली. पुतण्या अजूनही सोडूनच राहिला आहे.

दुसरी खोड बोल्टची. खिशात रुमाल नसेल पण पाना असतो. कोणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची हलवून पाहतात, मग पंख्याकडे बघतात, आणि घरमालक पाणी आणायला आत गेला की तेवढ्यात एखादा ढिला नट कसून मोकळे होतात. केशोरीला एका नातेवाइकांच्या तेरवीला पंगत बसली असताना हे मांडवाचा खांब कसत होते आणि वाढपी त्यांच्या अंगावरून वरण नेत होते. आम्ही एकदा सगळे चोरखमाऱ्याच्या तलावावर डबे घेऊन गेलो, तर सगळ्यांनी पाणी पाहिलं आणि यांनी पाणी सोडायच्या दाराचे बोल्ट पाहिले. त्यांनी घडवलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एक बारीक टिकली ठोकलेली असते. माझा एक विद्यार्थी जर्मनीला नोकरीला गेला, तर त्याला यांनी माझ्यामार्फत निरोप पाठवला की जमल्यास पुलाखाली वाकून टिकली दिसते का पाहावं. त्या बिचाऱ्याने खरोखर एका पुलाचा फोटो पाठवला. साडभाऊंनी तो मोबाइलवर मोठा करून पंधरा मिनिटं न्याहाळला आणि हा आपला माल नाही, असा निकाल दिला.

आता त्यांच्या भट्टीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच झाला. बोल्ट घडवायचा तर सळी लालबुंद तापवावी लागते. लोक त्यासाठी कोळसा नाहीतर तेल जाळतात. साडभाऊंच्या मोठ्या भावाची तांदळाची गिरणी शेजारीच आहे आणि तिथे धानाच्या भुशाचा डोंगर पडलेला असतो. यांनी पत्र्याचं एक उंच पिंप बनवलं, त्यात भुसा कोंडून धुमसवला, त्यातून निघणारा वायू नळीने भट्टीत आणला आणि त्यावर सळ्या तापवू लागले. भट्टी उत्तम चालते. पण भुशावर चालणारा कारखाना म्हणजे गावाकडे जरा हलकंच मानतात. मलाही पाहुण्यांना तो दाखवताना पिंपासमोर आपण उभं राहावं असं वाटायचं.

दोनेक वर्षांपूर्वी नागपूरच्या व्यापाऱ्याकडून एक लांबलचक इंग्रजी फॉर्म आला. युरोपवाल्यांनी ठरवलं होतं की बाहेरून येणारं लोखंड तयार करताना जेवढा धूर झाला असेल, तेवढा कर त्यावर सीमेवर लावायचा. त्यांच्या कारखान्यांना धुराचे पैसे भरावे लागतात, मग बाहेरच्यांना का सोडायचं, असा विचार. सळी जिथून येते तिथला धूरही आपल्याच माथी, म्हणून साडभाऊंनी रायपूरच्या सळीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "भैया, आपको सरिया चाहिए कि उसका धुआँ?" साडभाऊ फॉर्म घेऊन सरळ माझ्याकडे आले. त्यांच्या आठ माणसांपैकी निम्म्यांचं काम या युरोपच्या मालावर होतं. तो माल थांबला तर चार जणांना घरी बसवावं लागेल, एवढी एकच काळजी त्यांच्या तोंडावर होती.

मला मात्र आनंद झाला, हे कबूल करायला हवं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे माझा विषय घेऊन आलं होतं. मी बोल्टच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मागणीची रेषा काढली, पुरवठ्याची काढली आणि कर तिकडचा गिऱ्हाईक भरतो, तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा, असं तासभर समजावलं. साडभाऊंनी पुठ्ठा उभा-आडवा फिरवून पाहिला.

"सर, या दोन रेषाइत मी कोठी हावो जी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना दोन्ही रेषांच्या बाहेर, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बोट ठेवून दाखवलं. कर भरणारा एक असतो आणि सोसणारा दुसराच असू शकतो, या मुद्द्यावर मी तीस वर्षं दहा मार्कांचा प्रश्न काढत आलो होतो. ऐन वेळी मलाच तो आठवला नाही.

मग आम्ही फॉर्म भरायला बसलो. आम्ही म्हणजे मी. साडभाऊ इंग्रजी अक्षरं ओळखतात, पण वाक्यापर्यंत जात नाहीत. इंधनाचा रकाना आला. भुसा लिहायला माझा हात धजेना. युरोपातला कोणी साहेब ते वाचणार आणि आपल्याबद्दल काय म्हणणार, असं मला वाटलं. मी झोकात लिहिलं, उत्तम प्रतीचा दगडी कोळसा. किती लागतो त्याचा आकडाही, मुलाच्या लग्नासाठी त्याचा पगार सांगतात तसा, जरा हात सैल सोडूनच टाकला. कारखाना भरभक्कम दिसावा, एवढाच हेतू.

"पण सर, भट्टी तं भुश्यावर चालते न जी. कोळसा कायले लिवता?"

मी त्यांना आंतरराष्ट्रीय बाजारातली प्रतिमा या विषयावर चार वाक्यं ऐकवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा घट्ट बसवलं, पुन्हा काढलं. शेवटी, तुमी शिकले-सवरले, तुमाले समजते, असं पुटपुटत त्यांनी सही केली. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं, आणि अक्षर माझं.

दोन महिन्यांनी नागपूरहून फोन आला. तुमच्या कोळशाचा धूर फारच निघाला, कर एवढा बसणार आहे की गिऱ्हाईक आत्तापासूनच भाव पाडून मागतंय. साडभाऊंनी भाव पाडला. व्यापाऱ्याने सोसलं नाही, गिऱ्हाइकाने सोसलं नाही, सोसलं ते पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या माणसाने. तरीही पुढची ऑर्डर आली नाही. घण मारणारा त्यांचा सगळ्यात जुना माणूस हैदराबादला गेला, आणखी एक जण धानाच्या रोवणीला परत आपल्या गावी गेला. मी या काळात त्यांना जागतिक मंदीबद्दल सांगत होतो.

मग एक दिवस त्या व्यापाऱ्याकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी कारखाना पाहायला आली. मी अर्थातच खुर्चीवर बसून चहा पीत होतो. ती भट्टीपाशी गेली, नळीच्या मागोमाग पिंपापर्यंत गेली, भुशाच्या ढिगासमोर थांबली आणि हातातला फॉर्म पुन्हा वाचू लागली. मग तिने सांगितलं की शेतात उगवलेल्या वस्तूचा धूर हिशोबात जवळजवळ धरतच नाहीत. जो भुसा आम्ही लपवला, त्याच्यासाठी लोक लाखोंची यंत्रं बसवतायत. खरं लिहिलं असतं तर फक्त सळीचा धूर मोजला गेला असता आणि ऑर्डर राहिली असती.

"काका, हे कोळसा कोणी लिहिलं?" तिने विचारलं.

कपात चहा उरला नव्हता, तरी मी कप तोंडाला लावून ठेवला. खरं बोलण्यापासून ज्यांना आजवर कोणी थांबवू शकलं नाही, ते साडभाऊ माझ्या शेजारीच उभे होते. आता सगळं बाहेर येणार, हे मला कळून चुकलं.

"मीच सांगतलो जी सरले," साडभाऊ म्हणाले. "भुश्याची लाज वाटली मले."

हे त्यांचं दुसरं खोटं, आणि हे मात्र त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय बोललेलं. कान लाल झाले होते, आवाज चिरकला होता, अगदीच नवख्या माणसाचं खोटं. तरी त्या मुलीने विश्वास ठेवला. मी गप्प बसलो. एवढ्या वर्षांत वर्गात एक तासही मी गप्प बसलो नव्हतो.

ती गेल्यावर मी त्यांना विचारलं, असं का केलंत. ते पिंपाचं झाकण लावत होते. "माह्यं नाव कोठी लिवलं हाये जी?" ते म्हणाले. "तुमच्या तं घरावर पाटी हाये." आणि त्यांनी माझ्यासाठी पुन्हा चहा सांगितला.

यंदा पुन्हा तसाच फॉर्म आला. ती मुलगी स्वतः भरून देते म्हणत होती, पण साडभाऊ तो घेऊन माझ्याकडेच आले. मी नको म्हणालो, आता माझ्यावर भरवसा ठेवू नका म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. माझ्या समोर बसून ते माझ्या टेबलाचा पाय हलवून पाहत होते. इंधनाच्या रकान्यात मी धानाचा भुसा लिहिला. त्याच्याखाली, आधीची माहिती का बदलली, असा एक मोठा रकाना होता. तिथे मी लिहिलं की मागच्या वेळी मालकांनी इंधन खरंच सांगितलं होतं, कोळसा मी माझ्या मनाने आणि खोट्या प्रतिष्ठेपायी लिहिला, चूक सर्वस्वी माझी. खाली माझं पूर्ण नाव घातलं, पदव्यांशिवाय.

साडभाऊ वाकून पाहत होते. एवढं लांब काय लिहिलं, असं त्यांनी विचारलं.

"भुसा," मी म्हणालो. "इंग्रजीत त्याचं नाव लांब आहे."

ऑर्डर येईल की नाही, कोणास ठाऊक. हैदराबादला गेलेला माणूस तिकडेच रुळला म्हणतात, त्याने बायकोलाही नेलं. साडभाऊंनी चष्मा पुसला, माझ्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं, आणि सर लिहितात ते बरोबरच असणार अशा विश्वासाने सही केली.