एतेल्विनाचा घरगुती ग्रुप

एतेल्विनाच्या पोटात काही राहत नाही. बाजारात तिची मोबाइल रिचार्जची टपरी आहे. रिचार्ज मारता मारता कोणाच्या नवऱ्याचा फोन कुठून येतो, हे ती पुढच्या गिऱ्हाइकाला सांगून मोकळी होते. चर्चच्या भोंग्यावरून सूचना देण्याचं कामही फादरनी तिलाच दिलंय. भोंगा बिघडला तरी कोणाचं अडत नाही. आणि आमच्या घरची गोष्ट झाकून ठेवायला मी गेले ती हिच्याकडेच. फोनमधलं दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं.

माझी लेक लुस्मिला न्यूयॉर्कला लोकांची घरं साफ करते. तिची पोरं, दोमेनिका आणि धाकटा हाइरो, माझ्याजवळ असतात. गेल्या नाताळात बाळ येशूच्या मिरवणुकीत दोमेनिका सजवलेल्या घोड्यावर बसली. आमच्याकडे ज्याची जेवढी ऐपत, तेवढी फळं नि खाणं त्या घोड्यावर लादतात. एतेल्विनानं कौतुकानं तिचे फोटो जगजाहीर टाकले. मग काय, न्यूयॉर्कात बसलेले आमचेच गाववाले घोड्यावरचे अननस मोजायला लागले. "आई एवढी कमावते, आणि घोड्यावर भाजलेलं डुक्कर नाही?" लुस्मिला फोनवर रडली, ते पोरीनं ऐकलं. यंदा ती अडूनच बसली. फोटो आईशिवाय कोणी बघणार असेल, तर घोड्यावर बसायची नाही. आणि आई तिकडे वर्षभर त्याच दिवसाकडे डोळे लावून होती.

"एवढंच ना, कोमाद्रे?" एतेल्विना म्हणाली. दोमेनिकाची ती धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. "बंद ग्रुप करते. फक्त घरचे. माशीलासुद्धा दिसणार नाही."

मिरवणुकीच्या सकाळी पोर घोड्यावर चढली. एतेल्विनानं पहिला फोटो टाकला आणि फोन जो वाजायला लागला, तो थांबेचना.

"माद्रिना, हे सगळे कोण?" दोमेनिकानं घोड्यावरून विचारलं. धर्ममातेला ती माद्रिना म्हणते.

"घरचेच की! तुझ्या बाप्तिस्म्याचे, हाइरोच्या बाप्तिस्म्याचे, आजीच्या लग्नाला साक्षीला उभे राहिलेले, त्यांचे जावई. कोणाला वगळू? तोंड दाखवायचंय मला गावात."

खरं सांगू? त्यातला घरचा नाही असा एकही मला दाखवता आला नसता.

"काढ सगळ्यांना, नाहीतर मी उतरते."

बँड सुरू झाला होता. एतेल्विना घोड्याशेजारी चालत एकेकाला काढत होती, आणि प्रत्येकाची मोठ्यानं माफी मागत होती. "क्षमा करा, रिगोबेर्तोसाहेब, पोरीचा हट्ट आहे..." शेवटी ग्रुपात उरले लुस्मिला, माझा फोन आणि ती स्वतः.

"आता तू पण, माद्रिना."

"मी? अगं, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तुला धरलं मी!"

"गेल्या वर्षी फोटो टाकले तेही तूच."

एतेल्विनानं माझा फोन पोरीच्या हातात दिला, व्हिडिओ कसा पाठवायचा, नवा माणूस आत कसा येऊ द्यायचा नाही, सगळं नीट शिकवलं, आणि स्वतःचं नाव काढून टाकलं. घोडा पुढे गेला.

दुपारी लुस्मिलाचा फोन आला. पोरांनी तो मका साठवायच्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. मलाही बाहेर ठेवलं. तेवढ्यात एतेल्विना ताट घेऊन आली.

"काय म्हणाली गं लुस्मिला?"

"मला काय ठाऊक? फोन माझा, ग्रुप त्यांचा."

आतून हसू आलं, मग हुंदका, मग पुन्हा हसू.

"लोकांनी विचारलं तर काय सांगशील?" मी म्हटलं.

"सांगेन, मला सगळं माहितीये, पण घरातली गोष्ट आहे," ती म्हणाली, आणि खुर्ची दाराजवळ सरकवली.