पक्या उभा राहिला तेव्हा

पक्या उभा होता, हीच खरी अडचण होती.

फायनल मॅच. दुसरा हाफ संपत आलेला, पक्याची टीम एका गोलनं मागे. पक्या बॉल घेऊन डीमध्ये घुसला. डी म्हणजे गोलपुढची चुन्यानं आखलेली चौकट. तिच्या आत फाऊल झाला की थेट पेनल्टी मिळते, म्हणजे समोर फक्त गोलकीपर आणि मारणारा. समोरच्या टीमचा स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला गडी, घसरत आला आणि त्याचा पाय पक्याच्या रोवलेल्या पायावर बसला. पक्या पडला. मी शिट्टी फुंकली, पेनल्टी दिली आणि वळून बघतो तर हा गडी उठून चड्डीची माती झटकतोय.

ज्यांनी पक्याला कधी पाहिलं नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. म्हणून जरा मागे जातो.

मी शाळेत पी.टी.चा शिक्षक होतो आणि सीझनमध्ये फुटबॉलचा रेफ्री. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. टीम तालमीची, जर्सी पेठेची, आणि मॅच हरली की आख्ख्या पेठेत त्या रात्री कुणाला नीट जेवण जात नाही. मी स्वतः एका तालमीच्या टीमकडून खेळलेलो. रेफ्री झालो त्या दिवसापासून तालमीपुढचा कट्टा सुटला. आपल्या पेठेची मॅच आपल्याला देत नाहीत, आणि दुसऱ्या पेठेत चहा प्यायला बसलं तर लगेच बोभाटा होतो. मॅचच्या आठवड्यात मी दोन्ही पेठा टाळून लांबच्या रस्त्यानं सायकल घालायचो. माणसं ओळख द्यायची, पण बस म्हणायची नाहीत. त्या कट्ट्यावरच्या चहाची मला अजून आठवण येते. चहा तसा वाईटच असायचा.

पक्या मूळचा उचगावचा. वडील फाउंड्रीत मोल्डर, ओतकामाचे साचे घालणारे. हा लहानपणापासून मामाकडे पेठेत राहिला आणि तालमीत वाढला. तालमीत खाली लाल मातीचा आखाडा आणि वर फुटबॉलचं सामान, अशी व्यवस्था. पोरं सकाळी कुस्ती करायची, संध्याकाळी फुटबॉल. कुस्तीत पहिल्यांदा काय शिकवतात, तर पडायला. खांद्यावर पडायचं, अंग गोल करायचं, हात मोकळा ठेवायचा. पक्या कुस्तीत पुढे गेला नाही, पण पडण्याची विद्या त्यानं थेट डीमध्ये आणली. बचाव करणारा हातभर लांब असला तरी हा उडायचा, खांद्यावर यायचा, दोन गिरक्या घ्यायचा आणि नडगी धरून विव्हळायचा. आख्खी गॅलरी उठून उभी. मग हा बोटांच्या फटीतून एका डोळ्यानं माझ्याकडे बघायचा.

नियमांच्या भाषेत याला सिम्युलेशन म्हणतात. साध्या मराठीत रेफ्रीला बनवणं. शिक्षा पिवळं कार्ड, आणि एका मॅचमध्ये दोन पिवळी झाली की लाल, म्हणजे बाहेर.

बाकीच्या रेफ्रींना त्यानं पुष्कळ बनवलं. मला फारसं जमलं नाही, कारण मीही तालमीच्याच मातीत पडायला शिकलेलो. खरा पडणारा वेडावाकडा पडतो, त्याला खांदा आठवायला वेळ नसतो. जो सुंदर पडतो त्याला लागलेलं नसतं. मी जवळ जायचो.

"ऊठ, पक्या."

"सर, आई शप्पत, लागलंय."

"उजव्या पायाला लागलं म्हणतोयस आणि धरलायस डावा."

तो गुपचूप पाय बदलायचा, वर हसायचा. मी कार्ड काढायचो. तो उठता उठता हळूच विचारायचा, "पर पडलो कसा? चांगला का न्हाय?" आणि खरं सांगतो, तो चांगलाच पडायचा.

असं कित्येक सीझन चाललं. आमचं दोघांचं मैदानाबाहेर बोलणं नव्हतं, पण शनिवारच्या मॅचची यादी लागली आणि तिच्यात पक्याची टीम दिसली की मला बरं वाटायचं.

तर ती फायनल. नव्वदच्या दशकाचा शेवट. मुंबईहून एका कंपनीच्या टीमची दोन माणसं खेळाडू निवडायला आली होती. कंपनीची टीम म्हणजे खेळाडूला नोकरी, पगार, क्वार्टर आणि वर्षभर हिरवळीवर फुटबॉल. आमच्या पोरांना पेठ डोक्यावर घ्यायची, चौकात बोर्ड लावायची, पण तिशी आली की बोर्ड उतरायचा आणि फाउंड्री असायचीच. पक्या तेव्हा पंचविशीला टेकलेला. ही संधी गेली तर पुन्हा कुणी बघायला येणार नव्हतं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, गॅलरीतल्या शेंगदाणे विकणाऱ्यालाही माहीत होतं.

आणि त्या दिवशी पक्या वेडावाकडा पडला होता. खांदा नाही, गिरकी नाही. गुडघा आतल्या बाजूला वळलेला मी डोळ्यांनी पाहिला. आणि हा उठून उभा होता.

मी जवळ गेलो.

"लागलंय तुला."

"न्हाय लागलं, सर."

"पाय पूर्ण टेकव."

"टेकलाय की."

टाच वर होती. ओठ पांढरे पडले होते.

"दोन पावलं चालून दाखव."

"चालाय कशाला पायजे? पेनल्टी उभं ऱ्हाऊनच मारायची असत्या."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"पक्या, खाली बस."

इतकी वर्षं या माणसाला मी ऊठ म्हणत आलो होतो. आज बस म्हणत होतो आणि तो ऐकत नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "सर, ती माणसं वर बसल्यात. आजून त्यास्नी कायबी दावलं न्हाय मी. धा मिनटं ऱ्हायल्यात. तेवढी द्या. परत कवा तुमच्याम्होरं पडणार न्हाय."

नियम असा आहे: खेळाडूला गंभीर दुखापत आहे असं रेफ्रीला वाटलं तर त्यानं खेळ थांबवून त्याला मैदानाबाहेर न्यायचं. वाटलं तर. डॉक्टरचा दाखला लागत नाही. आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू रेफ्रीनं हाताचा इशारा केल्याशिवाय आत येऊ शकत नाही. एवढी सत्ता कलेक्टरला तरी असेल की नाही, शंका आहे. मला त्या दिवशी ती नको होती.

मी स्ट्रेचर मागवलं. पक्याच्या तालमीचे प्रमुख आप्पा धावत आले. "सर, कायबी झालं न्हाय त्याला. तुमास्नी ठावं हाय की, नाटकं करतोय."

"करतोय नाटक," मी म्हणालो. "पण आज उलटं करतोय."

पक्या स्ट्रेचरवर झोपला नाही. दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून निघाला. जाताना म्हणाला, "पडलो तवा कार्ड दावलासा. आज उभा हाय तर भायेर काढताय. ह्यो न्याव तरी कसला, सर?"

मी बॉल पेनल्टीच्या खुणेवर ठेवायला लावला.

पेनल्टी दुसऱ्या पोरानं मारली. गोलच्या पोलला लागून बॉल बाहेर गेला. गॅलरीतून माझ्या नावानं जे सुरू झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. खेळ पुन्हा चालू केला. जरा वेळानं लाइन्समनचं निशाण हललं म्हणून बघितलं, तर मैदानाच्या कडेला टचलाइनवर पक्या. गुडघ्याला पट्टा घट्ट आवळलेला आणि एक हात वर. आत येण्याची परवानगी मागायची ती रीत. मी मान फिरवली. बॉलबरोबर पळालो, परत आलो, तो तसाच हात वर करून उभा. एकदा आमची नजरानजर झाली. फक्त माझा हात हलायचा होता. मी हलवला नाही. शेवटी आप्पांनी दुसरा खेळाडू उतरवला, तेव्हा त्यानं हात खाली घेतला.

पक्याची टीम एका गोलनं हरली. मला पोलिसांनी मागच्या गेटनं काढलं. सायकलच्या दोन्ही चाकांची हवा गेली होती.

त्याआधी ती मुंबईची माणसं रेफ्रींच्या खोलीत आली होती. "तो सात नंबर, त्याला काय झालं?"

"गुडघा गेला."

"चांगला होता. पुढच्या वर्षी बघू." आणि जाताना त्यांनी त्या स्टॉपरचा पत्ता विचारला. ज्याच्या पायानं पक्याचा गुडघा गेला, तोच मुंबईला गेला. पोरगा वाईट नव्हता. फाऊल मुद्दाम केला नव्हता.

पक्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा दोर. त्याच्या डॉक्टरना मी जाऊन विचारलं, "आणखी दहा मिनिटं खेळला असता तर?"

"आणखी बिघडला असता," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "किंवा नसताही."

एवढंच. इतकी वर्षं मी या उत्तरावर जगतोय.

उचगावला त्याच्या घरी गेलो होतो. वडिलांनी खुर्ची दिली, चहा दिला. पक्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी बोललो, तो वळला नाही. वडील सोडायला रस्त्यापर्यंत आले. म्हणाले, "सर, तुमचं बरोबरच हाय. पर त्येच्याम्होरं कवा म्हणू नका."

पुढच्या वर्षी कुणी बघायला आलं नाही. आलं असतं तरी दाखवायला काही नव्हतं. पक्या वडिलांच्याच फाउंड्रीत स्टोअरमध्ये लागला. सीझन सुरू झाला की गोलच्या मागच्या कठड्याशी येऊन उभा राहायचा. डीमध्ये बॉल आला की त्याचा उजवा पाय आपोआप पुढे यायचा, लांबून मला दिसायचं. माझ्याकडे मात्र तो बघायचा नाही.

माझं काय झालं म्हणाल, तर मला करमेना. पोरं पडायची, पण कशी पडायची? पाय अडकल्यासारखं करायची, तोंड वाकडं करायची, आणि मी जवळ जायच्या आत स्वतःच उठायची. पकडण्यात मजाच नव्हती. कार्ड काढायचो, खिशात ठेवायचो. मला पक्याच्या पडण्याची आठवण यायची. मॅच सुरू होण्याआधी दोन्ही टीम ओळीनं उभ्या राहिल्या की मी सात नंबरकडे बघायचो आणि तिथं कुणीतरी दुसराच असायचा. बायकोला एकदा सांगितलं, तर ती म्हणाली, लबाड माणसाची कसली आठवण काढता. बरोबर आहे. पण त्याच्यासमोर मला पूर्ण डोळे उघडे ठेवून पळावं लागायचं. तसा मी पुन्हा कधी पळालो नाही. मग वय झालं आणि शिट्टी ठेवून दिली.

दोन हजारचं दशक अर्धं सरलं असेल. सीझनच्या सुरुवातीला जुन्या खेळाडूंची एक प्रदर्शनी मॅच ठरली. पोटं सुटलेली, डोक्यावर टकलं, हाफ छोटे. रेफ्री म्हणून मला बोलावलं. खिशात कार्डं टाकली ती सवयीनं. अशा मॅचमध्ये कार्ड कोण दाखवतो?

दुसऱ्या हाफमध्ये बॉल बाहेर गेला, खेळ थांबला. टचलाइनवर बदली खेळाडू उभा होता. गुडघ्याला कॅप, अंगात सात नंबर, आणि एक हात वर.

दोन्ही टीम थांबल्या. जुनी माणसं होती, सगळ्यांना आठवत होतं. गॅलरीतला आवाजही जरा बसला. मी हात हलवला. ये म्हणून.

पक्या जरा लंगडतच आत आला. बराच वेळ नुसता इकडून तिकडे फिरला. मग कुणीतरी त्याला डीमध्ये बॉल दिला. समोर एका बँकेतला कॅशियर, तोही हातभर लांब, धापा टाकत. आणि पक्या उडाला. खांद्यावर आला, अंग गोल केलं, एक गिरकी, दुसरी जरा जड गेली, आणि नडगी धरून विव्हळायला लागला. कॅशियर दोन्ही हात वर करून म्हणत होता, मी काही केलं नाही हो. गॅलरी हसत होती. मी पळत गेलो. बऱ्याच वर्षांनी खरोखर पळत गेलो.

"ऊठ, पक्या."

"लागलंय, सर."

त्या फायनलनंतर तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"कुठं?"

"हितं."

"हा तर चांगला पाय."

त्यानं गुपचूप पाय बदलला. बोटांच्या फटीतून एक डोळा दिसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसलं असणार. मी पिवळं कार्ड काढलं.

"जरा वर धरा की, सर," तो पडल्या पडल्या म्हणाला. "बायकू आलीया बघाय. मी खेळायचो हे तिला खरंच वाटत न्हाय."

मी हात उंच केला आणि हात भरून येईपर्यंत तसाच धरला.

नव्या रेफ्रींना मी एकच गोष्ट सांगतो. पडलेल्याकडे आख्खं स्टेडियम बघत असतं, तुम्ही उभ्या राहिलेल्याकडे बघा.

पेनल्टी मात्र मी दिली नाही. तो उठला, चड्डी झटकली, आणि मॅच संपेपर्यंत माझ्याशी भांडत राहिला.