चौकशीचे दिवस

सोमवारी सकाळी चहाचा ग्लास हातात घेऊन आमचे साहेब उभे राहिले आणि "आजपासून" म्हणाले, की धंदा पुन्हा बदलला, हे मी ओळखायचो. सांगलीत, मिरज रस्त्याला टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत आमची कंपनी होती. मी लागलो तेव्हा ती द्राक्षबागांवर ड्रोनने फवारणी करून द्यायची. मग आम्ही बेदाणा विकायला लागलो. मग बेदाणा सोडला, पुन्हा ड्रोन आले. दर वेळी माझं पद बदलायचं आणि नवी कार्डं छापून यायची. जुन्यांचा गठ्ठा मी रहिमतपूरला घरी नेला की आई टेबलाच्या हलत्या पायाखाली एकेक सरकवायची. साहेब वाईट नव्हते, पगार वेळेवर द्यायचे. पण एका जागी बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांच्यामागे धावून धावून माझंही असं झालं होतं, की जेवायला बसलो तरी एक पाय हलत असायचा.

अशातच माझं लग्न जमायला आलं. आमच्याकडे नुसती शेती करणाऱ्याला हल्ली कुणी मुलगी दाखवत नाही, त्यात मी तिशी ओलांडलेला. आई तोंडावर सांगायची, "नोकरी हाय म्हणून लोकं दारात तरी उभं करत्यात. ती तेवढी धरून ऱ्हा." मुलगी वडूजची, तिथल्याच शाळेत शिकवणारी. वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. पत्रिका आधीच जुळली होती, पोहेही झाले. मग आम्हा दोघांना थोडा वेळ अंगणात बोलायला सोडलं. "तुम्ही इतक्या घाईघाईने का बोलता?" तिने विचारलं. मला हसू आलं. ती मला आवडली, अगदी मनापासून आवडली. निघताना सुभेदार म्हणाले, "ड्रोनची कंपनी म्हंजे चांगलंच हाय. बघतो आन् कळवतो."

'बघतो' म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मुलीचा बाप न कळवता मुलाच्या कामाच्या ठिकाणी जातो. चहावाल्याला विचारतो, शेजारच्या दुकानदाराला विचारतो. मुलगा खरंच तिथे आहे का, पितो का, कुणाशी भांडतो का. मुलाने मात्र या भानगडीत पडायचं नसतं. त्याला यातलं काही ठाऊकच नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

आणि नेमके त्यानंतरच्याच सोमवारी साहेब ग्लास घेऊन उभे राहिले. ड्रोन बंद. आजपासून शेतकऱ्यांना फोनवरून सल्ला. कंपनीचं नावही नवं. दुपारी जुनी पाटी उतरली, नवी छापून यायची होती, आणि भिंतीवर नुसती भोकं राहिली. बाकीचे हौसेने टेबलं हलवत होते. मी खिडकीशी उभा राहून रस्ता बघत होतो. सुभेदार आले तर त्यांना दिसणार काय? आपणहून फोन करावा तर चोराच्या मनात चांदणं म्हणतील. न करावा तर मुलगा सांगतो ती कंपनीच जागेवर नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी साहेबांना विचारून पाहिलं, जुनी पाटी थोडे दिवस परत लावू का म्हणून. त्यांना कारणही सांगितलं. ते मोठ्याने हसले. "अरे, लोक माणूस बघतात, पाटी नाही." ज्यांनी माझ्या देखत तीन पाट्या बदलल्या, त्यांनी हे मला सांगावं याचा मला भयंकर राग आला. खालच्या चहावाल्याला तेवढं सगळं सांगून ठेवलं, तर तो म्हणाला, "उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग." शेतकरी फोनवर पानांवरच्या डागांविषयी विचारत असायचे आणि खाली एखादी मोटारसायकल थांबली, की मी बोलता बोलता उठायचो.

गुरुवारी ते खरंच आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात हेल्मेट. त्यांनी वर भिंतीकडे पाहिलं, टायरवाल्याला काहीतरी विचारलं. चहावाल्याकडे जातील तर बरं, असं मी मनात घोकत होतो. टायरवाल्याचं उत्तर मला वर ऐकू आलं. "ड्रोनवालं व्हय? ती गेली की." सुभेदार गाडीकडे वळले. रीतभात गेली खड्ड्यात म्हणत मी जिना उतरून धावलो.

"मामा, थांबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमी हितंच हाय?"

"हितंच. काम बदललं."

"कवा?"

"सोमवारी."

चहा घेता घेता मी त्यांना सगळं सांगितलं. फवारणी, बेदाणा, परत फवारणी, आता फोन. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "आन् म्होरं?"

"म्होरचं मला म्हाईत न्हाई."

"खरं सांगितलंसा, बरं केलंसा," ते म्हणाले आणि हेल्मेट चढवून निघून गेले. त्या संध्याकाळी मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. ती होती.

"घरून पत्रिकेचं कारण सांगतील," ती म्हणाली. "ते खरं नाही. बाबांना तुम्ही आवडलात. नको मीच म्हणाले." मग म्हणाली, "बाबांच्या बदल्यांमुळे माझ्या किती शाळा झाल्या ते मला आठवतही नाही. मैत्रीण झाली की सामान बांधायचं. वडूजला आमचं घर झालं, तेव्हा मी भिंतीत खिळा ठोकला आणि रडले. आता मला एकाच जागी राहायचंय. तुमच्यात वाईट असं काही नाही."

तिला समजवायला माझ्याकडे वाक्यं तयार होती. पगार वेळेवर होतो, सल्ल्याचं काम वाढणार आहे. आठवडाभर मी हेच करत होतो, फोनवर लोकांना पटवत होतो. पण तोंडातून निघालं ते निराळंच.

"मला पण," मी म्हणालो.

"काय?"

"मला पण एकाच जागी राहायचंय."



"मग राहत का नाही तुम्ही?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला ते खरंच कळत नव्हतं.