बीपीची गोळी

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सीवूड्सच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर होते. आईला धड बोलता येत नव्हतं. "बीपीनेच घात केला गं तिचा..." मी वर पोचले, खाली आले, पुन्हा वर गेले. हृदयविकाराचा झटका होता, ते खरं. पण मावशीला बीपी कधीच नव्हतं. तिला एचआयव्ही होता, आणि घरात ते फक्त मला माहीत होतं. गोळीचं नाव मी फोनवर शोधलं होतं आणि तिने ते पाहिलं होतं.

तिचे यजमान गेल्यानंतर कुणीतरी तिच्या गोळ्यांबद्दल विचारलं आणि ती "बीपीच्या" म्हणून गेली. झालं! तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक घरात तिचं जेवण बिनमिठाचं. लग्न असो, बारसं असो, "तुमचं वेगळं काढलंय हं." नेरूळच्या आपल्या खोलीत मात्र ती सुकटीच्या चटणीवर वरून मीठ भुरभुरवायची आणि मला डोळा मारायची.

एकदा म्हणाली, "चल सोबत." औषधकेंद्राच्या दारात बायका बाटल्यांवरची लेबलं सोलत होत्या, गोळ्या आपापल्या डब्यांत ओतत होत्या, एकमेकींकडे न बघता. आत डॉक्टरांसमोर मावशीने मला कोपराने ढोसलं. "विचार की, इंग्लिश मिडियम!" मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. शेवटी तीच बोलली, "मॅडम, ते दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन... आम्हाला कधी?"

डॉक्टर दमलेल्या होत्या, पण नीट बोलल्या. "आपल्याकडे अजून येत नाही. आणि आलं तरी मला धाकधूक राहीलच. तारीख चुकली की औषध अंगातून हळूहळू उतरतं, मग विषाणू त्याला दाद देईनासा होऊ शकतो. तुमचं गोळ्यांवर छान चाललंय की."

"छान कुठे? मीठ तोडलंय माझं सगळ्यांनी!"

डॉक्टरांना काही कळेना. मग मी सांगितलं, त्या खोलीतलं माझं पहिलं वाक्य. त्या हसल्या, आणि मधेच थांबल्या. "इंजेक्शन आलं तर डबाच नको," मावशी म्हणाली. "तारीख मी नाही चुकवणार."

परतताना मी म्हटलं, निदान आईला सांगूया. "मी असेपर्यंत नको. मग तू सांग खुशाल. तेव्हा मला कोण अळणी वाढणार?"

मावशीच्या उत्तरकार्याच्या दिवशी आईने सुकट केली. बिनमिठाची, बहिणीच्या आठवणीखातर. पहिल्या घासाला सगळे थबकले, पण मीठ मागायची कुणाची हिंमत झाली नाही. "कसं काढलं असेल गं तिने," मामी रडायला लागली. मी तोंड उघडलं... आणि पाणी प्यायले.

तेव्हापासून घरात मला एका जागी बसवत नाही. आई भाजी निवडत असते, मी तिच्यासमोर जाऊन उभी राहते, आणि परत फिरते. बोलायला जमत नाही म्हणून लिहिलं. मावशीचं नाव गाळलंय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आई ही पुरवणी दर रविवारी चहाबरोबर वाचते, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

आई, वाचून झालं की हाक मार. मी आतल्या खोलीत आहे.